रकाना सतरावा

नारिनच्या पुढे साडेतीन तास.
शेवटच्या तासात रस्ता असा नाहीच,
नुसती ड्रायव्हरची आठवण.
बिश्केकहून शाळा तपासायला निघालेली मी :
तिथे चाळीस टॅब्लेट, एक सौरपट्टी,
आणि माझ्या पिशवीत सव्वीस रकान्यांचा तक्ता.

वर्गात कोळशाची शेगडी.
तिच्याभोवती नमद्यात गुंडाळून ठेवलेलं काहीतरी,
रात्रीच व्यालेल्या मेंढीची कोकरं असावीत तसं.
"थंडीत मान टाकतात," जिपारबाई म्हणाल्या,
"उणे पंचविसात बॅटरी काय नि कोकरू काय."
मी लिहिलं : साठवण निकषांनुसार नाही.
खोडलं. लिहिलं : साठवण उबदार.
तेही खोडलं.
उबेला गुण नाहीत.

चालू एकतीस. काचा तडकलेले सहा.
दोन उन्हाळी कुरणावर गेले ते आलेच नाहीत.
एक घोड्याच्या टाचेखाली.
घोड्याचं नाव सांगायला तीन मुलं एकदम उभी राहिली.

मग नोंदी उघडल्या.
वाचनाचं ॲप : आठवड्याला चार मिनिटं.
गणिताचं : तिसऱ्या पायरीवर सगळा गाव थांबलेला,
कारण तिथे विचारलंय, लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे,
आणि इथे मजला म्हणजे गवताच्या गंजीवर चढणं.
"त्या दिवशी तासभर लिफ्टच चालली," बाई हसल्या,
"यंदाचा सगळ्यात चांगला तास तो."
तासाभराची नोंद यंत्रात नव्हती.
यंत्र तेव्हा बंद होतं.

आणि रेकॉर्डर.
सहाशे बारा फायली.

तिलेकने सांगितलं, शेगडीकडे बघत :
बाबा त्युमेनला विटा लावतात.
दर शुक्रवारी आस्कातदादा टॅब्लेट घेऊन खिंडीवर जातो,
वर रेंज आहे.
मी बरा आहे, आजी बरी आहे, गाय व्याली,
एवढं बोलून झालं की संपतं.
मग मी धडा वाचतो.
बाबा उलट पाठवतात :
ढगाच्या ओळीत अडखळलास, परत वाच.

मी एक फाईल ऐकली. सप्टेंबर.
पान उलटल्याचा आवाज, कोणाची तरी शिंक,
आणि सतरा ठिकाणी ठेच.
मग फेब्रुवारीची. तोच धडा. तीन.
मोजलं मीच, मोजणं माझ्या पोटापाण्याचंच आहे.

आता रकाना सतरावा :
अभ्यासेतर वापर, टक्क्यांत. कमी तितका उत्तम.
नियमाने अठ्ठ्याऐंशी.
नियमाने ही शाळा नापास,
आणि हिच्यासोबत त्युमेनचा तो गवंडीही,
ज्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही.

साहेब म्हणाले, हे शिकणं की गप्पा, ते ठरवा आधी.
मी ठरवतेय. अहवाल गुरुवारी द्यायचा होता,
तो गुरुवार गेला.
शेऱ्याच्या जागी दीड ओळ मावते.
दीड ओळीत खिंड कशी मावणार,
आणि घोडा, आणि वाऱ्यात पाठमोरा उभा आस्कात,
कोटाच्या आत टॅब्लेट धरून.

काल जिपारबाईंचा फोन आला. मागे नुसता वारा.
"जागा संपत आलीय टॅब्लेटमध्ये," म्हणाल्या,
"काहीतरी पुसायला हवं.
वाचनाचं ॲप फार जागा खातं.
काढलं तर चालेल?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय बाई,
नीट ऐकू येत नाहीये.

आवाज लख्ख येत होता.